निर्हरणवाचक इंग्रजी क्रियापदे : वैद्यांसाठी एक अभ्यासपाठ

वैद्याला व्यवसायात जी इंग्रजी वाक्ये लिहावी लागतात, ती पुष्कळदा कशाच्या तरी बाहेर पडण्याविषयी किंवा बाहेर काढण्याविषयी असतात. रुग्णास उलटी झाली, शौचास झाले, तुंबलेली लघवी मोकळी झाली, पायातील काटा काढला, गळवातील पू काढला, वार पडली, टाके काढले, जुनी पट्टी टाकून दिली. मराठीत यांपैकी प्रत्येक क्रिया निरनिराळ्या शब्दाने व्यक्त होते. इंग्रजीत लिहिताना मात्र आपण 'रिमूव्ह' आणि 'थ्रो' या दोनच क्रियापदांवर सारा भार टाकतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकत नाही, पण त्यातून जे कळावयास हवे ते कळत नाही.

परभणी जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. जिंतूर, पालम, सोनपेठ यांसारख्या तालुक्यांतील खेड्यांत रुग्ण प्रथम ज्याच्याकडे येतो तो बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. रुग्ण गंभीर झाल्यास तो परभणीस, तेथून नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. तेथे रात्री दोन वाजता त्याची चिठ्ठी वाचणारा निवासी डॉक्टर मराठी जाणणारा असेलच असे नाही. रुग्ण बेशुद्ध असतो, नातेवाईक भांबावलेले असतात. अशा वेळी आपण लिहिलेल्या चार ओळी हाच रुग्णाचा पूर्वेतिहास ठरतो. म्हणून या अंकातील अभ्यासपाठासाठी आम्ही निर्हरण, अपनयन, उत्सर्ग आणि त्याग या अर्थांची इंग्रजी क्रियापदे निवडली आहेत. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे अशा वैद्यबंधुभगिनींना डोळ्यांपुढे ठेवून हे विवेचन केले आहे.

आपोआप की कोणी केले?

मराठी भाषेची एक सोय आपण इतक्या सहजपणे वापरतो की ती आपल्या ध्यानातही येत नाही. पडणे आणि पाडणे, गळणे आणि गाळणे, झडणे आणि झाडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे या जोड्या पाहाव्यात. पहिले क्रियापद आपोआप घडणारी गोष्ट सांगते, दुसरे कोणीतरी केलेली. निघणे आणि काढणे यांत धातूच बदलतो, पण नाते तेच राहते. 'खपली निघाली' आणि 'खपली काढली' यांतील भेद आपल्या खेड्यातील निरक्षर आजीलाही कळतो.

इंग्रजीत अशी स्वरबदलाची सोय फार थोड्या शब्दांत आहे. 'फॉल' आणि 'फेल' ही एक जुनी जोडी; दुसऱ्या शब्दाचा अर्थ झाड तोडून पाडणे. एरवी इंग्रजी भाषा हा भेद स्वतंत्र क्रियापदे योजून दाखविते. देह स्वतः जे बाहेर टाकतो त्यासाठी 'पास', 'एक्स्पेल', 'शेड', 'स्लफ', 'एक्स्क्रीट', 'डिस्चार्ज' हे शब्द आहेत. वैद्य जे बाहेर काढतो त्यासाठी 'एक्स्ट्रॅक्ट', 'इव्हॅक्युएट', 'एक्साइज', 'ड्रेन', 'रिट्रीव्ह' हे शब्द येतात. शब्द निवडण्यापूर्वी स्वतःस पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की कर्ता कोण? देह की वैद्य?

या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास काय होते याचे सर्वांत गंभीर उदाहरण स्त्रीरोगाच्या क्षेत्रातील आहे. तीन महिने दिवस गेलेली स्त्री रक्तस्राव होत असताना दवाखान्यात येते. गर्भ घरीच पडलेला आहे. वैद्य तिला सलाईन लावून पुढे पाठवितो आणि चिठ्ठीत लिहितो की गर्भाचे अवशेष 'वेअर इव्हॅक्युएटेड'. त्याच्या मनात 'बाहेर पडले' एवढाच अर्थ आहे. वाचणारा मात्र त्यावरून असे समजतो की या वैद्याने गर्भाशय रिकामे करण्याची क्रिया केली. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा असून त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. या कायद्याने ज्यांना अधिकार दिला आहे त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर येत नाहीत. म्हणजे केवळ एका क्रियापदामुळे, रुग्णेला वेळेवर पुढे पाठविणाऱ्या माणसावर बेकायदा गर्भपाताचा संशय येऊ शकतो. तेथे लिहावयास हवे होते ते 'एक्स्पेल्ड स्पॉन्टेनिअसली ॲट होम'. तसेच 'ॲबॉर्ट' या शब्दाविषयी. वैद्यकीय इंग्रजीत आपोआप झालेल्या गर्भपातासही हा शब्द चालतो, परंतु सामान्य वाचक आणि पोलीस तो 'पाडला' या अर्थाने घेतात. 'मिसकॅरी' हे क्रियापद निःसंदिग्ध आहे. ते वापरणे श्रेयस्कर.

वारेच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. वार आपोआप पडली असेल तर 'प्लासेंटा एक्स्पेल्ड', हात घालून काढली असेल तर 'रिमूव्ह्ड मॅन्युअली', आणि पडलीच नसेल तर 'रिटेन्ड'. 'नॉट रिमूव्ह्ड' असे लिहिल्यास काढण्याचा प्रयत्न फसला की प्रयत्नच केला नाही, हे कळत नाही. वार पूर्ण आली की तुकडा आत राहिला, हेही नोंदवावे. त्यासाठी 'कम्प्लीट' आणि 'इनकम्प्लीट' ही साधी विशेषणे पुरेशी आहेत.

सुश्रुताची पंधरा क्रियापदे

निर्हरणाच्या शब्दांची सूक्ष्मता इंग्रजीने आपल्याला शिकवावी असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय, शल्यापनयनीय, हा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. शल्य दोन प्रकारचे, अवबद्ध आणि अनवबद्ध, म्हणजे रुतून बसलेले आणि न रुतलेले. न रुतलेले शल्य काढण्याचे पंधरा उपाय तेथे सांगितले आहेत : स्वभाव, पाचन, भेदन, दारण, पीडन, प्रमार्जन, निर्ध्मापन, वमन, विरेचन, प्रक्षालन, प्रतिमर्श, प्रवाहण, आचूषण, अयस्कांत आणि हर्ष. ही यादी म्हणजे आमच्या मते क्रियापदांचा एक उत्तम कोशच होय. तिच्या आरंभी स्वभाव आहे हे लक्षात घ्यावे. अश्रू, शिंक, ढेकर, खोकला, मूत्र, पुरीष यांच्या वेगाने शल्य आपोआप बाहेर पडते, आणि त्यानंतर वैद्याच्या कृतींचा क्रम लागतो. कर्ता कोण, या आपल्या प्रश्नाचे उत्तर सुश्रुताने यादीच्या पहिल्याच शब्दात देऊन ठेवले आहे.

आता यांतील काही शब्द इंग्रजीत आणून पाहू. पीडन म्हणजे दाबून बाहेर काढणे. इंग्रजीत यासाठी नेमके क्रियापद 'एक्स्प्रेस' हे आहे. आगगाडीमुळे आणि वर्तमानपत्रांमुळे आपल्याला तो शब्द भलत्याच अर्थाने परिचित झाला, पण त्याचा मूळ अर्थ दाबून बाहेर काढणे हाच. गळवातील पू 'एक्स्प्रेस' करतात, मातेचे दूधही 'एक्स्प्रेस' करतात. प्रमार्जन म्हणजे 'वाइप' किंवा 'स्वॉब'. प्रक्षालन म्हणजे 'इरिगेट' किंवा 'फ्लश'. जठराच्या बाबतीत 'लव्हाज'. प्रवाहण म्हणजे कुंथणे : प्रसूतीत 'बेअर डाउन', शौचाच्या वेळी 'स्ट्रेन'. आचूषण म्हणजे 'सक' किंवा 'ॲस्पिरेट'. दुसऱ्या शब्दाविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. भेदन म्हणजे 'इन्साइज', आणि दारण म्हणजे शस्त्र न वापरता लेपाने गळू फोडणे. या दुसऱ्या क्रियेसाठी इंग्रजीत एकच शब्द नाही. 'द ॲब्सेस वॉज मेड टु बर्स्ट बाय लोकल ॲप्लिकेशन' असे फोडून लिहावे लागते. जेथे शब्द नाही तेथे वाक्य लिहावे. ओढूनताणून शब्द लावू नये.

त्याच अध्यायात मांसात खोल गेलेल्या शल्याविषयी जो क्रम दिला आहे तो तर केसपेपर लिहिण्याचा धडाच होय. आधी पिकवावे, म्हणजे ते पुवाच्या वेगाने आपोआप पडते. पिकूनही फुटले नाही तर भेदन किंवा दारण करावे. फुटूनही शल्य बाहेर आले नाही तर दाबून काढावे. प्रत्येक पायरीला वेगळे क्रियापद, आणि पुढची पायरी केव्हा गाठावयाची याची अटही सोबत. आपल्या केसपेपरावर 'एफबी रिमूव्ह्ड' एवढेच लिहिलेले असते!

शल्य काढण्यासाठी दोन दिशा सांगितल्या आहेत. प्रतिलोम म्हणजे ज्या मार्गाने आत गेले त्याच मार्गाने मागे आणणे, आणि अनुलोम म्हणजे गेलेल्या दिशेनेच पुढे नेऊन बाहेर काढणे. इंग्रजीत पहिल्यास 'विथड्रॉ' किंवा 'पुल बॅक', दुसऱ्यास 'पुश थ्रू'. माशाचा गळ बोटात रुतला असता आजही याच दोन रीतींपैकी एक निवडावी लागते. अयस्कांत म्हणजे लोहचुंबक कोठे वापरावा हेही सांगितले आहे. शल्य सरळ असावे, रुतलेले नसावे, त्यास काटेरी कान नसावेत आणि जखमेचे तोंड मोठे असावे. पंधरावा उपाय हर्ष. तो शोकरूपी शल्यासाठी आहे. त्याला इंग्रजी क्रियापद शोधण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही.

ज्वारीचा दाणा आणि हरभरा

आपल्याकडे खळ्यावर आणि घरात धान्य पसरलेले असते आणि लहान मूल नाकात हरभरा घालते, कानात मूग घालते. येथे चार क्रियापदांचा भेद जाणून घ्यावा. 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे ओढून काढणे. लॅटिन मूळ धातूचा अर्थच ओढणे. 'ट्रॅक्टर'ही त्याच कुळातला. 'डिसलॉज' म्हणजे अडकलेल्या जागेवरून हलविणे. वस्तू बाहेर आली असा याचा अर्थ होत नाही. ती आणखी आतही गेली असेल. 'रिट्रीव्ह' म्हणजे काढून हस्तगत करणे, वस्तू आपल्या हाती आली असे दाखविणे. 'इरिगेट' म्हणजे पाण्याने धुणे.

धान्याचा दाणा कानात असताना पाण्याची पिचकारी मारू नये, कारण दाणा फुगून घट्ट बसतो. कोणी ती मारलीच असेल तर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे : 'इरिगेटेड एल्सव्हेअर बिफोर कमिंग टु अस'. पुढच्या कान-नाक-घसा तज्ज्ञास त्यावरून दाणा फुगलेला असणार हे कळते. आणि आपण प्रयत्न करून सोडून दिला असेल तर 'एक्स्ट्रॅक्शन ॲटेम्प्टेड, नॉट अचीव्ह्ड' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

घास घशात अडकल्यास रुग्णास नकळत खांद्यावर मुठीने आघात करावा, असे सुश्रुत सांगतो. आजच्या प्रथमोपचारातही दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच आघात आणि पोटावर पाच दाब असा क्रम शिकविला जातो. सुश्रुताने पुढे स्नेह, मद्य किंवा पाणी पाजण्यास सांगितले आहे. श्वास अडकलेल्या माणसास आज काहीही पाजू नये असे मानतात. हा भेद विसरू नये. माशाचे हाड आडवे अडकल्यास दोऱ्याने बांधलेला केसांचा गोळा पातळ अन्नाबरोबर गिळवून, वमन करवून, दोरा एकदम ओढावा, अशीही एक युक्ती तेथे आहे. ती आज करावयाची नाही, परंतु गिळणे, वमन आणि ओढणे या तीन क्रियांचा तो मेळ 'रिट्रीव्ह' या शब्दाचा अर्थ पक्का करण्यास फार उपयोगी पडतो.

विषप्राशनाची चिठ्ठी

आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. फवारणीचे औषध घरोघर असते, आणि ते पोटात जाण्याचे प्रसंग काय सांगावेत. विष आमाशयात असता वमन द्यावे हे आपल्या शास्त्राचे जुने सूत्र आहे. परंतु रॉकेल किंवा रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेली कीटकनाशके, आम्ल, क्षार यांच्या बाबतीत, आणि शुद्धी हरपत चाललेल्या रुग्णाच्या बाबतीत, उलटी करविणे आज निषिद्ध मानले जाते. उलटी फुफ्फुसात शिरण्याचा आणि अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजण्याचा धोका असतो. गावातील लोक मात्र मिठाचे पाणी पाजून मोकळे झालेले असतात.

म्हणून या चिठ्ठीत पुढील वाक्यांचा भेद जिवाशी संबंधित आहे. 'ही व्हॉमिटेड' म्हणजे त्याला आपोआप उलटी झाली. 'व्हॉमिटिंग वॉज इंड्यूस्ड बाय रिलेटिव्ह्ज' म्हणजे नातेवाइकांनी करविली. 'गॅस्ट्रिक लव्हाज वॉज गिव्हन' म्हणजे नळीने जठर धुतले. बोलीतील 'थ्रो अप' हे चिठ्ठीत लिहू नये, पण परप्रांतीय रुग्ण तसे बोलल्यास त्याचा अर्थ ओकणे असा आहे, फेकणे नव्हे. उलटी किती वाजता झाली, त्यात काय आले, वास कशाचा होता, हे एका ओळीत लिहावे.

आणि येथेच 'ॲस्पिरेट' या दुधारी शब्दाची गाठ पडते. सुईने किंवा नळीने द्रव ओढून काढणे, उदाहरणार्थ सांध्यातील पाणी, हा एक अर्थ. अन्न, उलटी किंवा पाणी श्वासाबरोबर फुफ्फुसात जाणे हा दुसरा. पहिल्यात वस्तू बाहेर येते, दुसऱ्यात आत जाते. पहिल्याचा कर्ता वैद्य, दुसऱ्याचा रुग्ण. 'पेशंट ॲस्पिरेटेड' आणि 'वुई ॲस्पिरेटेड' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. कर्ता लिहिल्याशिवाय हे क्रियापद वापरूच नये, असा नियम आम्ही सुचवितो.

'पास' हा शब्दही दोन दिशांना जातो. रुग्ण मूत्र 'पास' करतो, म्हणजे बाहेर टाकतो. वैद्य मूत्रमार्गात नळी 'पास' करतो, म्हणजे आत घालतो. मुतखडा पडला तर 'स्टोन पास्ड', आणि हा आपोआप पडलेला. शस्त्राने काढलेल्या खड्यास 'पास्ड' म्हणत नाहीत.

'डिस्चार्ज' तर तीन वाटांचा शब्द आहे. जखमेतील स्राव, रुग्णाला घरी सोडणे, आणि कर्तव्य पार पाडणे. 'डिस्चार्ज प्रेझेंट' असे तुटक लिहिण्याऐवजी 'प्युरुलंट डिस्चार्ज फ्रॉम द वूंड' असे लिहावे. रुग्ण आपण सोडला असेल तर 'डिस्चार्ज्ड', तो सल्ल्याविरुद्ध स्वतःहून गेला असेल तर 'लेफ्ट अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस'. या दुसऱ्या वाक्याचे महत्त्व ज्यांना ग्राहक मंचापुढे उभे राहावे लागले त्यांना सांगावयास नको.

कापण्याच्या शब्दांविषयी थोडेच. 'इन्साइज' म्हणजे आत कापणे, छेद घेणे. 'एक्साइज' म्हणजे कापून संपूर्ण बाहेर काढणे. एका उपसर्गाने भेदन आणि छेदन यांची अदलाबदल होते. 'रिसेक्ट' म्हणजे अवयवाचा भाग कापून काढणे. 'डिब्राइड' म्हणजे मेलेले मांस काढून जखम स्वच्छ करणे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याचा लगाम काढणे. 'स्लफ' म्हणजे मेलेला थर आपोआप सुटून पडणे. याचा उच्चार 'स्लफ' असाच करावा, 'स्लाउ' नव्हे. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर शल्य आणि शालाक्य विद्यार्थ्यांसाठी ३९ आणि १९ अशा एकूण ५८ शस्त्रकर्मांची जी अधिसूचना काढली, ती असल्या संज्ञांनीच भरलेली आहे, आणि त्यावर देशभर वाद झाला. अधिकाराच्या कक्षा ज्या शब्दांत आखल्या जातात ते शब्द वैद्यास नेमके कळले पाहिजेत.

पंचकर्माचे इंग्रजी

वमन आणि विरेचन या दोन्हींना चरकाने कल्पस्थानात व्यापक अर्थी विरेचन म्हटले आहे, कारण दोन्हींत देहातील मल बाहेर जातो. इंग्रजी 'इव्हॅक्युएट' साधारण तसाच व्यापक आहे. त्याचे मूळ रिकामे करणे. 'व्हॅक्युम' त्याचाच भाऊ. विरेचनासाठी 'पर्ज' हे क्रियापद रूढ आहे आणि त्याचे लॅटिन मूळ शुद्ध करणे असे आहे, म्हणून शोधनाशी ते चांगले जुळते. वमनासाठी 'थेरॅप्युटिक एमेसिस' लिहितात. परंतु 'एमेसिस' हे नाम आहे, त्यास क्रियापदाप्रमाणे वापरू नये. 'पेशंट वॉज गिव्हन थेरॅप्युटिक एमेसिस' असे लिहावे.

बस्तीच्या बाबतीत मोठा घोटाळा होतो. निरूह बस्ती दोष घेऊन लवकर बाहेर येतो. अनुवासनाचा स्नेह आत काही काळ राहावा अशी अपेक्षा असते. दोन्हींना सरसकट 'एनिमा' म्हटले की वाचणारा दोन्हींकडून तत्काळ शौचाची अपेक्षा करतो. अनुवासनासाठी 'रिटेन' हे क्रियापद घालावे आणि किती वेळ राहिला ते लिहावे. रक्तमोक्षणातील मोक्षण म्हणजे सोडणे. इंग्रजी 'ब्लडलेटिंग'मधील 'लेट'चा अर्थ जाऊ देणे. दोन भाषांनी एकाच कल्पनेवर बोट ठेवले आहे. जळू काढताना मात्र 'पुल्ड आउट' असे लिहिण्याची वेळ येऊ देऊ नये. ती ओढून काढावयाची नसते. तोंडावर सैंधवाचे चूर्ण टाकले की स्वतः सुटते. म्हणून 'डिटॅच्ड'.

जाहिरातींतून 'डिटॉक्स' या शब्दाचा सुळसुळाट झाला आहे. आमचे मत स्पष्ट आहे : केसपेपरावर त्यास स्थान देऊ नये. कोणते विष, कोठून, कोणत्या मार्गाने बाहेर गेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तो शब्द देत नाही.

थोडी व्युत्पत्ती

शब्द लक्षात राहण्यास मूळ अर्थ फार साहाय्य करतो. 'एलिमिनेट' म्हणजे उंबरठ्याबाहेर घालविणे. 'इरॅडिकेट' म्हणजे मुळासकट काढणे. आपले निर्मूलन त्याच्याशी शब्दशः जुळते. देवी रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य परिषदेने १९८० साली जाहीर केले तेव्हा हाच शब्द वापरला गेला. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला, पण जगाच्या पाठीवर पोलिओ अद्याप उरला आहे, म्हणून तेथे 'इरॅडिकेट' म्हणता येत नाही. 'एक्स्क्रीट'च्या मुळाशी चाळणे आहे : चाळून बाहेर टाकणे. आपल्या बाया सुपात धान्य पाखडतात तेच काम वृक्क करतात. 'सिक्रीट'ही त्याच धातूचा, पण तो उपयुक्त स्रावांसाठी. दोहोंची अदलाबदल करू नये. 'एक्स्पेक्टोरेट' म्हणजे छातीतून बाहेर टाकणे. म्हणून खोकून आलेल्या कफासच ते लावावे, तोंडातील थुंकीस 'स्पिट' पुरे. जाता जाता, लॅटिन 'अब' हा उपसर्ग आणि आपला 'अप', तसेच इंग्रजी 'आउट' आणि आपला 'उद्' हे भाषाशास्त्राप्रमाणे सख्खे नातलग आहेत. अपनयन आणि उद्धरण शिकलेल्या माणसाने या शब्दांस बिचकण्याचे कारण नाही.

फेकण्याची क्रियापदे वैद्यास कमी लागतात. 'टॉस' म्हणजे हलकेच उडविणे, 'फ्लिंग' म्हणजे भिरकावणे, 'हर्ल' म्हणजे जोराने फेकणे, 'जेटिसन' म्हणजे बुडते जहाज हलके करण्यासाठी माल समुद्रात टाकणे. मात्र फेकण्याचा लॅटिन धातू आपल्या टेबलावर रोज असतो : 'इंजेक्ट' आत फेकणे, 'इजेक्ट' बाहेर फेकणे, 'रिजेक्ट' परत फेकणे. हृदयाच्या सोनोग्राफीतील 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणजे डाव्या निलयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर फेकलेला अंश. 'प्रोजेक्टाइल व्हॉमिटिंग' हा शब्द जोराने दूर उडणाऱ्या उलटीसाठीच राखून ठेवावा. तो वाचताच पुढचा डॉक्टर तान्ह्या मुलात जठरनिर्गमाचा अवरोध आणि मोठ्यांत कवटीतील वाढलेला दाब शोधू लागतो.

टाकून देणे आणि विल्हेवाट लावणे

'डिस्कार्ड' म्हणजे नको म्हणून बाजूला टाकणे. पत्त्यांच्या डावात नको असलेले पान टाकण्यावरून हा शब्द आला. 'डिस्पोज ऑफ' म्हणजे विल्हेवाट लावणे, वस्तूचे पुढे काय झाले याची जबाबदारी घेणे. यातील 'ऑफ' गाळू नये. आणि 'डिस्पेन्स' म्हणजे औषध देणे. 'एक्स्पायर्ड मेडिसिन्स डिस्पेन्स्ड' असे रजिस्टरात लिहिले गेल्यास मुदत संपलेली औषधे रुग्णांना दिली असा कबुलीजबाब होतो.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि त्यांनी १९९८ च्या नियमांची जागा घेतली. ते आयुष दवाखान्यांनाही लागू आहेत, खाटा नसल्या तरीही. प्राधिकार-पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावे लागते. खाटा नसलेल्या दवाखान्यास ते एकदाच. या नियमांत 'सेग्रिगेट' हे पहिले क्रियापद आहे, म्हणजे निर्माण होताच वेगळे करणे. रक्ताने भरलेला कापूस, पट्ट्या आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. नळ्या, हातमोजे, सुईविरहित सिरिंजा लाल पिशवीत. सुया आणि पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. 'इन्सिनरेट' म्हणजे भट्टीत जाळणे. दवाखान्यामागे काडी लावण्यास हा शब्द लागू होत नाही. वार्षिक अहवाल ३० जूनपूर्वी द्यावयाचा असतो, आणि त्यात 'डिस्कार्डेड' आणि 'डिस्पोज्ड ऑफ' या दोन शब्दांची गल्लत करू नये.

अभ्यासासाठी

पुढील वाक्ये वाचकांनी प्रथम स्वतः इंग्रजीत लिहून पाहावीत. 'रात्री खडा पडला.' 'गळू आम्ही चिरले आणि पू दाबून काढला.' 'मुलाच्या नाकातला हरभरा काढताना आत सरकला, म्हणून पुढे पाठवीत आहोत.' 'वार पडली, पण तुकडा राहिल्याची शंका आहे.' 'नातेवाइकांनी मीठपाणी पाजून उलटी करविली, त्यानंतर धाप लागली.'

पहिल्यासाठी 'पास्ड'. दुसऱ्यासाठी 'इन्साइज्ड' आणि 'एक्स्प्रेस्ड', 'ड्रेन्ड'ही चालेल. तिसऱ्यासाठी 'एक्स्ट्रॅक्शन ॲटेम्प्टेड', 'डिसलॉज्ड बॅकवर्ड्स', आणि मूल रडत असताना श्वासनलिकेत दाणा जाण्याचा धोका असल्यामुळे 'अर्जंट'. चौथ्यासाठी 'एक्स्पेल्ड, प्रॉबेब्ली इनकम्प्लीट'. पाचव्यासाठी 'व्हॉमिटिंग इंड्यूस्ड बाय रिलेटिव्ह्ज', आणि त्यापुढे, कर्ता लिहून, 'पेशंट मे हॅव ॲस्पिरेटेड'. या शेवटच्या चिठ्ठीवर वेळ घालण्यास विसरू नये.